सत्तेचाळीस पौंडांचं तिकीट

गेल्या महिन्यातली गोष्ट. दिवेलागणीची वेळ होती. कुकरची दुसरी शिट्टी झाली आणि दारावर टकटक झाली. दारात खालच्या मजल्यावरच्या सिस्टर मावशी. चेहरा उतरलेला. मावशींनी मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात उभं आयुष्य नर्स म्हणून काढलं. आमच्या सगळ्या बिल्डिंगची इंजेक्शनं त्यांच्याच हातची, म्हणून त्या सगळ्यांच्याच सिस्टर मावशी. त्या कधी कुणाकडे काही मागायला जात नाहीत. त्या दिवशी मात्र खुर्चीवर टेकल्या आणि म्हणाल्या की बाई, आमच्या पोरीला जरा समजावा.

पोरगी म्हणजे त्यांची नात. माझी शाळेतली विद्यार्थिनी. पदवी झाली, मग सहा महिन्यांचं मिशनचं ट्रेनिंग पुरं करून मागच्याच आठवड्यात घरी आली. आता चार दिवस आराम करील, मग चर्चच्या कामाला लागेल, पुढेमागे स्थळं बघता येतील, असं सगळ्यांनी धरून चाललेलं. तर हिने ट्रेनिंगच्या काळात साठवलेल्या पैशांतून पाठीवरची एक भलीमोठी सॅक आणली. दोन महिने एकटी फिरणार म्हणाली. आधी हिमाचल, मग तिथून पूर्वेकडे. बरोबर कुणी नाही. कुठे राहणार तेही पक्कं नाही. काम सुरू करण्याआधी माणसं बघून यायची आहेत, एवढंच तिचं म्हणणं.

मी मावशींना चहा दिला आणि बोलते म्हणून शब्द दिला. पण रात्री अंथरुणावर पडले तरी झोप येईना. काय समजावणार होते मी तिला? जाऊ नकोस म्हणून? बावीस वर्षांची असताना मलाही दूरच्या शहरातली एक नोकरी चालून आली होती. वडील नाही म्हणाले नाहीत. फक्त आईला दोन रात्री झोप लागली नाही. मी गेले नाही. त्याचं दुःख करत बसले असंही नाही, संसार छान झाला. पण ते पत्र अजून कपाटात आहे.

आणि त्या रात्री मला ग्लॅडिस आयल्वर्ड आठवली.

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी काहींनी तिच्यावरचा इंग्रजी सिनेमा पाहिला असेल. १९५८ सालचा, इन्ग्रिड बर्गमनचा, ‘द इन ऑफ द सिक्स्थ हॅपिनेस’. मीही तिला पहिल्यांदा भेटले ती तिथेच. नंतर तिच्याविषयी मिळेल ते वाचत गेले, तेव्हा कळलं की खरी बाई पडद्यावरच्या बाईपेक्षा कितीतरी वेगळी होती आणि मला कितीतरी जवळची.

ग्लॅडिसचा जन्म १९०२ चा, उत्तर लंडनमधल्या एडमंटनचा. वडील टपाल खात्यात. साधं, कष्टाचं, देवभोळं घर. अभ्यासात पोरीला गती नव्हती. चौदाव्या वर्षी शाळा सुटली आणि पुढे ती मोठ्या लोकांच्या घरी मोलकरीण म्हणून राहिली. उंची जेमतेम पाच फूट, केस काळेभोर. मैत्रिणींचे केस सोनेरी आणि त्या उंच उंच वाढत चाललेल्या, आपणच तेवढे बुटके आणि काळ्या केसांचे, याचं तिला लहानपणी फार वाईट वाटायचं. आपल्याकडे सावळ्या मुलींना वाटतं ना, अगदी तसंच.

विशीत तिच्या मनाने चीन घेतला. तिथे लाखो लोकांनी ख्रिस्ताचं नावही ऐकलेलं नाही, असं काहीतरी तिच्या वाचनात आलं आणि तिथे आपण जायचं हे तिने ठरवून टाकलं. भावाला सांगून पाहिलं, त्याने हसण्यावारी नेलं. मग आपणच का नाही, असं म्हणून ती चायना इनलंड मिशन या संस्थेकडे गेली. हडसन टेलर यांनी १८६५ साली काढलेली ही संस्था चीनच्या आतल्या भागात माणसं पाठवायची. ग्लॅडिसला लंडनमधल्या त्यांच्या बायकांच्या प्रशिक्षण केंद्रात तीन महिन्यांसाठी घेतलं.

तीन महिने संपले आणि ती नापास झाली.

म्हणजे रीतसर बोलावून सांगितलं, बरं का. अभ्यास जमत नाही. शिक्षण पुरं होईपर्यंत तिशी येईल आणि त्या वयात चिनी भाषा काय डोक्यात शिरणार? त्यात त्या लोकांचा दुष्टावा नव्हता. कागदावर बघितलं तर त्यांचं म्हणणं बरोबरच होतं. तिला दुसरं काम मात्र दिलं. ब्रिस्टलला परत आलेलं एक म्हातारं मिशनरी जोडपं होतं, त्यांचं घर सांभाळायचं. पुढे वेल्समधल्या स्वॉन्झीच्या बंदराजवळ रात्री रस्त्यावर भटकणाऱ्या मुलींना सुखरूप घरी किंवा आसऱ्याला पोचवायचं कामही तिने केलं.

आपल्यातल्या बहुतेकींची गोष्ट इथे संपली असती. माझी तर संपलीच. पण ग्लॅडिसने वेगळंच गणित मांडलं. संस्था पाठवत नाही ना, मग आपलं आपण जायचं. त्याला पैसे लागतात. पैसे मोलकरणीच्या कामातून मिळतात. म्हणून ती पुन्हा लंडनला आली आणि घरकामाला लागली.

तिचे मालक होते सर फ्रान्सिस यंगहजबंड. १९०३-०४ साली हिंदुस्थानातून तिबेटवर फौज घेऊन गेलेले तेच. त्या घरात पाऊल टाकलं त्या दिवशी, आपल्या खोलीत तिने बिछान्यावर बायबल ठेवलं आणि त्यावर होते नव्हते तेवढे पैसे ठेवले. किती? अडीच पेनी. एवढ्यावर चीन गाठायचा होता! तेवढ्यात मालकीणबाईंनी खाली बोलावलं आणि कामावर येण्याचं गाडीभाडं म्हणून तीन शिलिंग हातावर ठेवले. तिची खात्री पटली की खातं उघडलं.

मग ती प्रवासाची तिकिटं विकणाऱ्या कचेरीत गेली. बोटीने चीनला जायचं तर ९० पौंड. रेल्वेने, म्हणजे युरोप आणि सैबेरिया ओलांडून, ४७ पौंड १० शिलिंग. तिने अर्थातच रेल्वे म्हटलं. खिडकीमागच्या कारकुनाने समजावलं की मांचुरियाच्या हद्दीवर लढाई चालू आहे, गाडी पोचेलच याची हमी नाही. तिने ऐकून घेतलं आणि पैसे पुढे सरकवले. ते काही ४७ पौंड नव्हते, पहिला हप्ता होता फक्त. त्यानंतर पगार झाला की ती त्या खिडकीशी हजर. आपण भिशी भरतो ना, तसं तिने ते तिकीट भरलं. सुट्टीच्या दिवशीसुद्धा मिळेल तिथे जादा काम केलं.

याच काळात तिच्या कानावर जीनी लॉसन हे नाव आलं. त्र्याहत्तर वर्षांची स्कॉटिश विधवा. चीनच्या शान्शी प्रांतात डोंगरातल्या एका गावी एकटीच काम करत होती आणि आपल्यामागे हे कोण चालवणार या विवंचनेत होती. ग्लॅडिसने पत्र टाकलं. उत्तर आलं की ये, पण वाट तुझी तू शोध. पत्ता मिळाला, आणखी काय हवं?

१९३२ चा ऑक्टोबर. लंडनचं लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशन. तीस वर्षांची ग्लॅडिस तिसऱ्या वर्गाच्या डब्यात चढली. तिचं सामान वाचताना मला दर वेळी गंमत वाटते आणि पोटात कालवतंही. दोन पेट्या. एकीत कपडे, दुसरीत खाणं. डब्यातले मासे, बिस्किटं, उकडलेली अंडी, चहा. एक वळकटी. एक स्टोव्ह, आणि सुतळीने बांधलेली किटली नि पातेलं, चालताना खडखड वाजणारी. आतल्या कपड्याला चोरखिसे शिवलेले आणि त्यांत तिकिटं, पासपोर्ट, छोटं बायबल. रोकड म्हणाल तर नऊ पेनी आणि दोन पौंडांचा प्रवासी चेक. भाषा एकच, इंग्रजी. तीही मोलकरणीची.

मावशींच्या नातीच्या सॅकमध्ये पॉवर बँक आहे, रेनकोट आहे, पाणी शुद्ध करायच्या गोळ्या आहेत. खिशात अख्ख्या जगाचा नकाशा असलेला फोन आहे. तरी आमचा सगळ्यांचा जीव खालीवर. आणि ही बाई पातेलं बांधून सैबेरियाला निघाली!

हॉलंड, जर्मनी, पोलंड, मॉस्को करत गाडी सैबेरियात शिरली. डब्यात हळूहळू सैनिकच उरले. चिता नावाच्या स्टेशनवर तिला उतरा म्हणून खुणावलं, पण खुणा तिला कळल्या नाहीत की कळूनही ती बसून राहिली, कोण जाणे. गाडी पुढे जाऊन थांबली ती थांबलीच. दिवे मालवले, सैनिक उतरून गेले. लांबून तोफांचे आवाज यायला लागले. इथून गाडी परत जाणार ती जखमींना घेऊन, आणि ती कधी भरेल याचा नेम नाही. मग काय करायचं? तिने पेट्या उचलल्या आणि रुळांवरून उलटी चालायला लागली, बर्फातून, चिताच्या दिशेने. रात्री थकून पेट्यांवरच बसली, स्टोव्ह पेटवून घोटभर कॉफी केली, अंगाभोवती पांघरूण गुंडाळून पडून राहिली. कुत्री ओरडताहेत असं तिला वाटलं. ते लांडगे होते.

चिताला पोचली तर पोलिसांनी धरलं. पासपोर्टावरचा मिशनरी हा शब्द वाचून ही कुणी यंत्रकामगार असावी असा त्यांचा समज झाला, आणि रशियाला तर तेव्हा कारखान्यांसाठी माणसं हवीच होती. कसंबसं समजावून सुटली आणि व्लादिवोस्तोकला येऊन पोचली. तिथेही तिला ठेवून घ्यायचा घाट. एका अनोळखी मुलीने कानात सांगितलं की आज निघाली नाहीस तर कधीच निघू शकणार नाहीस. रात्री एक माणूस आला आणि अंधारातून तिला धक्क्यावर घेऊन गेला. तिथे जपानी बोट उभी होती. भाड्याला पैसे नाहीत. तिने कप्तानापुढे पदर पसरला आणि त्याने तिला चढू दिलं. जपानहून मग दुसऱ्या बोटीने तिएनत्सिन, आणि तिथून आगगाडी, बस आणि शेवटी खेचर. डोंगरातल्या यांगचेंग या तटबंदीच्या गावी ती पोचली, तेव्हा दारात जीनी लॉसनबाईंनी तिला विचारलं ते एवढंच, की तू कोण?

ही गोष्ट सांगताना आपण ती एकटी गेली असं म्हणतो. मीही तसंच म्हणत आले. पण त्या रात्री पडल्यापडल्या मी मोजून पाहिलं. मालकीणबाई, कारकून, व्लादिवोस्तोकची मुलगी, अंधारातला माणूस, बोटीचा कप्तान. यांतल्या एकाही माणसाला तिने निघायच्या आधी पाहिलेलं नव्हतं. घरात बसून त्यांच्यापैकी कुणीही भेटलं नसतं. अर्थात दैवही होतं. एखादा दुवा निखळला असता तर सैबेरियातच ती संपली असती आणि आज तिचं नावही कुणाला ठाऊक नसतं. हेही खरंच आहे आणि सिस्टर मावशींची भीतीही खोटी नाही.

यांगचेंगला परक्या बायका म्हणजे भुतं. रस्त्याने निघाल्या की पोरं चिखल मारायची. मग दोघींनी डोकं चालवलं. गाव खेचरांच्या तांड्यांच्या वाटेवर होतं. पडकं घर होतं, तिथे खेचरवाल्यांसाठी सराई काढली. नाव ठेवलं आठ सुखांची सराई. सिनेमावाल्यांनी आठाची सहा केली. ग्लॅडिसचं काम काय, तर रस्त्यात उभं राहून पुढच्या खेचराचा लगाम धरायचा आणि त्याला अंगणात ओढायचं. पुढचं आत शिरलं की मागची सगळी आपोआप येतात. खेचरवाल्यांना गरम जेवण, ऊबदार बिछाना आणि फुकटात गोष्टी. गोष्टी अर्थातच बायबलातल्या.

इथे एक स्पष्ट सांगते. ती धर्म सांगायला गेली होती आणि तिने ते कधी लपवलं नाही. परमुलखात जाऊन आपला देव सांगावा का, यावर मतभेद असू शकतात. माझेही आहेत. पण परीक्षेत नापास झालेल्या या मुलीने खेचरवाल्यांत बसून, स्वयंपाक्याशी बोलून त्या डोंगरातली बोली इतकी उचलली की तिला पुढे तिथलीच समजायला लागले. वर्गात डोक्यात न शिरलेलं सगळं चुलीपाशी शिरलं.

जीनीबाई वर्षभरातच पडण्याचं निमित्त होऊन वारल्या. संस्था पाठीशी नाही, पैसा नाही. सराई बंद पडायची वेळ आली. तेवढ्यात गावचा मोठा अधिकारी, ज्याला मँडरिन म्हणत, तो लवाजम्यासह दारात आला. चीनमध्ये मुलींचे पाय बांधायची चाल १९१२ सालीच कायद्याने बंद झाली होती, पण डोंगरात कायदा कोण पाळतो? आता वरून सक्त हुकूम आला होता. घरोघर जाऊन तपासायला बाई हवी, कारण पुरुषाला बायकांच्या खोलीत जाता येत नाही. आणि ती डोंगर चढणारी हवी, म्हणजे तिचे पाय बांधलेले नकोत. अशी बाई अख्ख्या मुलखात एकच होती. लंडनची मोलकरीण, मोठ्या पायांची.

पाच-सहा वर्षांच्या पोरीची बोटं तळव्याखाली दुमडून पट्ट्यांनी करकचून आवळायची. हाडं मोडायची. मुलगी जन्मभर नीट चालू शकायची नाही. आणि हे करायचं कोण? आई. का? तर मोठ्या पायांच्या मुलीशी लग्न कोण करणार! मला आपल्याकडचं केशवपन आठवलं, आठव्या वर्षीची लग्नं आठवली. तिथेही दुष्ट माणसं थोडीच होती? भ्यालेली माणसं होती. मुलीचं वाईट होऊ नये म्हणून मुलीलाच जखडणारी. ग्लॅडिस खेचरावर बसून, बरोबर दोन शिपाई घेऊन गावोगाव गेली. आयांच्या समोर बसून लहान पोरींच्या पायांच्या पट्ट्या सोडवत राहिली. पांढरे पडलेले पाय चोळून ती बोटं एकेक करून उलगडायची.

लोक तिला आता ऐ-वेई-दे म्हणू लागले, म्हणजे सद्गुणी बाई. एकदा तुरुंगात दंगल झाली, कैद्याच्या हातात कुऱ्हाड, शिपाई आत जायला तयार नाहीत. तुमचा देव राखतो ना, मग तुम्हीच जा, म्हणून हिला आत ढकललं. पाच फुटांच्या या बाईने कुऱ्हाड मागितली आणि त्याने दिली. पण मला त्यापुढचं जास्त आवडतं. दंगल का झाली ते तिने विचारलं. माणसं उपाशी होती आणि दिवसभर त्यांना काही काम नव्हतं. तिने खटपट करून तुरुंगात माग आणवले, कैदी कापड विणायला लागले, आपलं पोट भरायला लागले.

एकदा रस्त्यात एक बाई आजारी पोर विकायला बसलेली दिसली. ग्लॅडिसकडे होते तेवढे पैसे तिने दिले आणि पोर घरी आणली. किती होते? नऊ पेनी. लंडनहून निघताना होते, तेवढेच. मुलीचं नाव मेई-एन, पण घरात तिला नऊ पेनीच म्हणत. मग आणखी मुलं येत गेली. १९३६ साली ग्लॅडिसने चीनचं नागरिकत्व घेतलं. म्हणजे परतीचं दार तिने आपल्या हाताने लावून घेतलं.

१९३७ साली जपानने चीनवर चढाई केली. याच युद्धात आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली जखमींची सेवा करायला चीनला गेले आणि १९४२ साली तिथेच गेले. यांगचेंगवर १९३८ साली बाँब पडले. ग्लॅडिस ढिगाऱ्याखालून माणसं काढत होती, स्वतःही जखमी झाली. जपानी सैन्याच्या हालचाली ती चिनी अधिकाऱ्यांना कळवायची, म्हणून तिला पकडून देणाऱ्याला बक्षीस जाहीर झालं. तेव्हा, १९४० साली, ती निघाली. पण या वेळी एकटी नाही. बरोबर सुमारे शंभर मुलं. मोठी पंधराची, धाकटी चार-पाच वर्षांची.

मुख्य रस्ता टाळून डोंगरातून चालायचं. पायांत कापडी जोडे, तेही फाटले. रात्री उघड्यावर किंवा एखाद्या देवळात. बारा दिवसांनी पीत नदी लागली तर पैलतीराला न्यायला एकही होडी नाही. सैन्याने सगळ्या हलवल्या होत्या. तीन-चार दिवस मुलं उपाशी नदीकाठी. तेव्हा एका मोठ्या मुलीने तिला विचारलं की मोझेसला देवाने समुद्रातून वाट दिली हे तू मानतेस ना, मग आपण का जात नाही? ग्लॅडिस म्हणाली की अगं, मी मोझेस नाही. मुलगी म्हणाली की पण देव तर तोच आहे ना. ग्लॅडिसकडे उत्तर नव्हतं. सगळी मिळून गायला लागली. ते गाणं ऐकून एक चिनी अधिकारी आला आणि त्याने होड्या बोलावल्या. पुढे आगगाडी, पुन्हा डोंगर, पुन्हा गाडी. मुलं शान्सी प्रांतातल्या अनाथाश्रमात सुखरूप पोचली आणि ही कोसळली. टायफस, न्यूमोनिया, शुद्ध हरपलेली. कोण आहे, कुठली आहे, तिला सांगता येईना.

ती वाचली. पुढे निर्वासितांत, कुष्ठरोग्यांत, कैद्यांत काम करत राहिली. १९४९ साली इंग्लंडला आली तेव्हा इंग्रजी बोलताना अडखळायची म्हणे. ॲलन बर्जेस यांनी १९५७ साली तिच्यावर ‘द स्मॉल वुमन’ हे पुस्तक लिहिलं आणि दुसऱ्याच वर्षी तो सिनेमा आला. ती प्रसिद्ध झाली आणि तिला फार संकोच वाटला. उंच, गोऱ्या-सोनेरी केसांची नटी आपलं काम करते याचा, आणि त्याहून जास्त, चित्रपटात घुसडलेल्या प्रेमप्रसंगांचा. पडद्यावरची ग्लॅडिस शेवटी मुलांना पोचवून प्रियकराकडे जायला निघते. खरी कुठेच गेली नाही. चीनमध्ये तिला आता प्रवेश नव्हता, म्हणून ती तैवानला गेली, तिथे पुन्हा अनाथ मुलांचं घर काढलं. ३ जानेवारी १९७० ला तिथेच वारली. तैपेईजवळ तिची कबर आहे.

लहानपणीची ती खंत आठवते ना? चीनमध्ये पाऊल टाकल्यावर तिने आजूबाजूला पाहिलं, तर सगळ्यांचे केस काळे आणि सगळे तिच्याएवढेच. देवाने आपल्याला असं का केलं ते तिला तिथे कळलं, असं ती पुढे हसून सांगायची. लंडनच्या आरशात उणी ठरलेली मुलगी दुसऱ्या मुलखात अगदी मापाची निघाली. आता प्रत्येकीचा असा मुलूख असतोच असं मी म्हणणार नाही. पण असला तर तो जाऊन पाहिल्याशिवाय सापडत नाही.

दुसऱ्या दिवशी मी खाली गेले. आजी-नात दोघी होत्या. मी पोरीला काहीच समजावलं नाही. मावशींना मात्र एक विचारलं, की तुम्ही नगरकडच्या खेड्यातून मिरजेला नर्सिंग शिकायला आलात, तेव्हा किती वर्षांच्या होतात? सतरा, त्या म्हणाल्या. कोण आलं होतं सोडायला? मावशी गप्प झाल्या. मग हळूच म्हणाल्या की कोणी नाही, पत्र्याची ट्रंक घेऊन एकटीच आले, रात्रभर ट्रंकेवर बसून. स्टेशनवर एका हमालाने हॉस्पिटलपर्यंत पोचवलं आणि पैसे घेतले नाहीत. नात बघतच राहिली. तिला हे कुणी सांगितलंच नव्हतं.

मग आम्ही तिघींनी बसून यादी केली. कुठल्या गावी कुणाकडे ओळख आहे, रोज किती वाजता मेसेज करायचा, कुठल्या वेळी प्रवास करायचा नाही, मन कचरलं तर त्या जागेवरून लगेच निघायचं. पोरीने सगळं निमूट लिहून घेतलं. तिच्याही डोळ्यांत थोडी भीती होती, ती मला बरी वाटली.

मिरज जंक्शनवर दिल्लीच्या गाडीला तिला सोडायला आम्ही दोघी गेलो होतो. आदल्या दिवशी मावशींनी मशीन काढून तिच्या कुर्त्याला आतून चोरखिसा शिवला होता. मी त्यांना ग्लॅडिसच्या चोरखिशाचं सांगितलं नव्हतं, शपथ. गाडी हलली, सॅक सांभाळत पोरगी दारातून हात हलवत राहिली, आणि मावशी डोळे पुसत मला विचारत होत्या की चिवडा पुरेल ना हो बाई तिला दिल्लीपर्यंत?